घुमटात स्पीकर लावताना टेप कानापासून धरा

रिकाम्या घुमटात बरोबर मध्यभागी जमिनीवर मांडी घालून बसा आणि एक टाळी वाजवा. टाळी डोक्यावर कुणीतरी फेकून मारल्यासारखी परत येईल. आता उठून दोन-तीन पावलं बाजूला बसा आणि पुन्हा वाजवा. तीच टाळी, तोच घुमट, पण आता नुसता थोडा घुमारा. स्पीकरचं एकही खोकं उघडायच्या आधी हा प्रयोग करा, कारण पुढची निम्मी डोकेदुखी त्या पहिल्या टाळीत आहे.

घुमटाची आतली बाजू हा आवाजाचा अंतर्वक्र आरसा असतो. केंद्रातून निघालेला आवाज सगळीकडे सारखंच अंतर कापून, एकाच क्षणी भिंतीवर आपटून, एकाच क्षणी केंद्रात परततो. पाच मीटर त्रिज्या असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २९ मिलिसेकंदांनी सगळी टाळी गोळा होऊन अंगावर येते. कडेला दुसरीच गंमत: आवाज भिंतीला चिकटून सरपटत जातो. विजापूरच्या गोल घुमटाच्या सज्ज्यात किंवा लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते ती अशीच. पर्यटकाला मजा, पण स्पीकर लावणाऱ्याला ताप. तुम्ही आवाज डावीकडून सोडाल आणि भिंत तो उजवीकडच्या माणसाच्या कानात नेऊन ठेवेल.

नवीन माणूस सहसा इथेच फसतो. घुमट गोल आहे, तर स्पीकरही गोलावर सारख्या अंतराने चिकटवले की झालं, असं त्याला वाटतं. कागदावर ते छानच दिसतं. पण ऐकणारा घुमटाच्या केंद्रात नसतो. त्याचे कान जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर वर असतात, किंवा तो आडवा झालेला असतो, किंवा कडेच्या खुर्चीत बसलेला असतो. म्हणून माझा एकच हट्ट आहे: टेपचं टोक घुमटाच्या केंद्रात नाही, कानाच्या जागी धरायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या या हट्टातूनच आल्या आहेत.

आधी माणसं बसवा, मग स्पीकर

तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. लोक बसणार की लोळणार? सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला की गोलाकार? पडद्यावर चित्र आहे की नुसताच आवाज?

बसणं-लोळणं ही बारीकसारीक बाब वाटते, पण स्पीकरची अख्खी मांडणी तिच्यावर फिरते. आपल्याला डावं-उजवं फार चांगलं कळतं, कारण दोन कानांत आवाज पोचण्याच्या वेळेत आणि जोरात फरक पडतो. वर-खाली त्या मानाने अंधुक कळतं. तिथे कानाच्या पाळीच्या वळणांमुळे वरच्या पट्टीतल्या आवाजात होणाऱ्या बदलांवर मेंदू अंदाज बांधतो. माणूस ताठ बसला असेल तर माथ्यावरचा आवाज नक्की कुठे आहे हे त्याला धड सांगता येत नाही. पण त्यालाच पाठीवर झोपवा. आता माथा त्याच्या समोर आला. घुमटावरून डावीकडून उजवीकडे जाणारा पक्षी त्याला बोट दाखवता येईल इतका स्पष्ट ऐकू येतो. म्हणून लोळणाऱ्या लोकांसाठी वरच्या भागात जास्त स्पीकर ठेवा आणि खालचं कडं (कानाच्या उंचीची स्पीकरांची गोल रांग) थोडं उचला. कान जमिनीलगत असले की शेजाऱ्याचं डोकं आणि उशी आडवी येते. बसणाऱ्यांसाठी याच्या उलट, खालचं कडं दाट आणि वर विरळ चालतं.

लोक फुलाच्या पाकळ्यांसारखे, डोकी मध्याकडे करून पडणार असतील तर प्रत्येकाचं डावं वेगळं. तिथे 'समोर' ही कल्पनाच सोडून द्या.

घुमटाला गप्प करा

हे काम कुणालाच आवडत नाही, कारण ते फोटोत दिसत नाही. पण बोलक्या घुमटात महागातले वीस स्पीकर लावण्यापेक्षा गप्प घुमटात साधे आठ लावलेले केव्हाही बरे.

तुमचा घुमट कसला आहे त्यावर उपाय ठरतो. तारांगणासारखा छिद्रांच्या पत्र्याचा पडदा असेल तर काम सोपं. पत्र्याचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा भोकांचा असतो, आवाज त्यातून आरपार जातो आणि मागे काळ्या कापडात गुंडाळलेली ग्लासवुल किंवा रॉकवुलची लोकर त्याला गिळते. जाडी किमान ५० मिलिमीटर. १०० असेल तर खालच्या पट्टीतही फरक जाणवतो. नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेला घुमट असेल तर आधी कापड तपासा. त्याचा कोपरा ओठांवर घट्ट धरून फुंका. हवा सहज पार गेली तर आवाजही बऱ्यापैकी जाईल. गाल फुगून राहिले तर ते प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड आहे. ते उंच स्वर तुमच्याच अंगावर परत पाठवणार, आणि त्याच्यामागे स्पीकर लावलात तर जाड रजईआडून बोलल्यासारखा आवाज येणार. अशा घुमटात स्पीकर कापडाच्या आतच हवेत.

हवा भरून फुगवायच्या घुमटाला काहीही टांगायचं नाही. स्पीकर स्टँडवर लावायचे आणि पंख्याचा घूं-घूं आवाज जमेल तितका दूर न्यायचा. दगडविटांचा पक्का घुमट सगळ्यात अवघड. तिथे जमिनीवर जाड गालिचा, गादीच्या खुर्च्या आणि जमेल तिथे लोंबते पडदे, एवढंच आपल्या हातात असतं.

सगळा घुमट झाकणं परवडत नसेल तर कुठून सुरुवात करावी? माझं मत: माथ्याभोवतीचा भाग आधी. खालून गेलेला आवाज तिथूनच सरळ लोकांच्या डोक्यावर येतो. नंतर कानाच्या उंचीचा पट्टा, म्हणजे ते सरपटणं मोडतं. घुमट अजून बांधायचाच असेल तर वास्तुध्वनीशास्त्रातला एक जुना ठोकताळा वास्तुविशारदाच्या कानावर घाला: वक्रतेची त्रिज्या एकतर छताच्या उंचीच्या दुपटीहून जास्त ठेवा, नाहीतर निम्म्याहून कमी. मग आवाज गोळा होण्याची जागा माणसांच्या डोक्यांपासून दूर पडते. जमिनीवर टेकलेला अर्धगोल या दोन्हींच्या बरोबर मध्ये येतो, आणि दिसायला देखणा म्हणून सगळे नेमका तोच बांधतात.

किती स्पीकर, किती कडी

मोह आवरा. १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात पश्चिम जर्मनीच्या दालनात एक गोलाकार सभागृह होतं. श्रोते आवाज आरपार जाईल अशा जाळीच्या तळावर बसायचे आणि वर-खाली चहूबाजूंनी पन्नासच्या आसपास ठिकाणी स्पीकर होते. मॉन्ट्रिअलच्या सातोस्फेअर घुमटात १५७ स्पीकर बसवले होते. पण ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथल्या आयईएम या संगीत-संशोधन संस्थेच्या 'क्यूब' सभागृहात २४च आहेत, १२-८-४ अशा तीन कड्यांत, आणि जगभर वापरली जाणारी सॉफ्टवेअर-साधनं तिथल्या लोकांनी लिहिली आहेत. आकड्यापेक्षा मांडणी बघा.

सुरुवातीला मी ८-४-१ सुचवतो: कानाच्या उंचीवर आठ, कानापासून वर ४५ अंशांच्या चढावर चार, माथ्यावर एक. तेरा स्पीकर आणि एक सब-वूफर (फक्त बासचा स्पीकर) मिळून चौदा चॅनल, म्हणजे सोळा आउटपुटच्या एका ऑडिओ इंटरफेसमध्ये (संगणकातला आवाज स्पीकरांना देणाऱ्या पेटीत) काम भागतं आणि दोन जागा बिघाडासाठी शिल्लक राहतात. दोन इंटरफेस जोडावे लागले की त्यांचं घड्याळ एकमेकांशी जुळवण्याचा नवा व्याप मागे लागतो. पहिल्या खेपेला नको.

आठांचं कडं लावताना एक स्पीकर बरोबर समोर ठेवायचा की समोरची रेषा दोघांच्या मधून काढायची? मी मधून काढतो. खालचे स्पीकर समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना २२.५, ६७.५, ११२.५ आणि १५७.५ अंशांवर, वरचे चार ४५ आणि १३५ अंशांवर. असं केलं की वरचा प्रत्येक स्पीकर खालच्या दोघांच्या बरोबर मध्ये येतो आणि डावं-उजवंही सारखं राहतं. यात शेजारच्या कुठल्याही दोन स्पीकरांमधला कोन ६० अंशांच्या वर जात नाही, आणि ती मर्यादा सांभाळायला हवी. घरच्या साध्या स्टिरिओतही दोन स्पीकर ६० अंशांवरच ठेवतात. त्यापलीकडे फाकवले की मधला आवाज विरतो. अपवाद एक. तुमच्याकडे चित्र असेल, सगळे एकाच दिशेला बघत असतील आणि निवेदन महत्त्वाचं असेल, तर एक स्पीकर बरोबर समोर हवाच. नाहीतर कडेच्या रांगेला निवेदक जवळच्या स्पीकरातून बोलल्यासारखा वाटतो.

तेराही स्पीकर एकाच मॉडेलचे घ्या. हे मी दोनदा सांगतो: एकाच मॉडेलचे. दोन जातींच्या स्पीकरांमधून फिरणारा आवाज फिरत नाही, वाटेत कपडे बदलतो. पाच मीटर त्रिज्येच्या घुमटाला पाच इंची वूफरचे, रुंद पसरणारे, आतच अँप असलेले स्पीकर पुरतात. ब्लूटूथवाले मुळीच नको; प्रत्येकाचा उशीर वेगळा असतो.

दोरी, खडू आणि ओळंबा

आता एक उदाहरण टेप हातात घेऊनच करू. जमिनीवर टेकलेला अर्धगोल, स्पीकरच्या तोंडापर्यंत त्रिज्या ५ मीटर. लोक खुर्चीत, कान जमिनीपासून १.२ मीटरवर.

बरेच जण कानाभोवती पाच मीटरचा गोल कल्पून माथ्याचा स्पीकर १.२ अधिक ५, म्हणजे ६.२ मीटर उंचीवर लिहितात. घुमट तर पाच मीटरलाच संपतो! हसू नका, छापील आराखड्यातसुद्धा अशी चूक येऊन जाते. खरी अंतरं कानापासून मोजली तर अशी निघतात: कानाच्या उंचीवरचं कडं ४.८५ मीटरवर, ४५ अंशांवरचे चार ४.०८ मीटरवर आणि माथा फक्त ३.८ मीटरवर. म्हणजे वरचा स्पीकर खालच्यांपेक्षा एक मीटरहून जास्त जवळ. हा फरक पुढे डिलेने, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडून, भरून काढायचा आहे, म्हणून हे आकडे वहीत लिहून ठेवा.

जमिनीवर केंद्रात एक खिळा किंवा वजन ठेवा. ४.८५ मीटर दोरीने खडूचं वर्तुळ काढा. समोरची रेषा आखा. पहिली खूण समोरच्या रेषेपासून वर्तुळावर सरळ रेषेत १.८९ मीटरवर येते. तिथून पुढे दर ३.७१ मीटरला एकेक, आठ खुणा. आठवी खूण पहिलीपासून पुन्हा ३.७१ वरच यायला हवी. तसं झालं नाही तर दोरी ताणली गेली आहे; न ताणणारी सुतळी घ्या किंवा लेझर टेप वापरा.

वरच्या चारांसाठी केंद्रापासून २.८८ मीटरवर, ४५ आणि १३५ अंशांच्या रेषांवर खुणा करा. मग शिडीवरून ओळंबा सोडा. गवंड्याचं ते दोरीला टांगलेलं साधं वजन या सगळ्या कामातलं माझं सगळ्यात आवडतं हत्यार आहे. ओळंब्याचं टोक खुणेवर आलं आणि वरची उंची ४.०८ मीटर भरली की जागा पक्की.

सांगाड्याच्या नळ्या मात्र तुमच्या आराखड्याला विचारून बसवलेल्या नसतात. अगदी हव्या त्या जागी सांधा सापडणार नाही. तीन-चार अंश इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते प्रत्यक्ष जागा वेगळी आणि वहीतली जागा वेगळी राहिली की. स्पीकर जिथे बसला तिथली जागा पुन्हा मोजा, जुना आकडा खोडा, नवा लिहा.

टांगणं

यात चेष्टा नाही. डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक स्पीकरला क्लॅम्पशिवाय दुसरी, स्वतंत्र पोलादी दोरी किंवा सेफ्टी चेन हवी, आणि ती सांगाड्याला बांधायची, त्याच क्लॅम्पला नाही. सांगाडा किती वजन पेलतो हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. वजन नळीच्या मध्यावर नको, सांध्याजवळ द्या. शंका असली तर वरचे पाच स्पीकर उंच स्टँडवर नेता येतात का पाहा. छताला भोक पाडायचं किंवा विजेची नवी लाइन ओढायची तर त्या कामाचा माणूस बोलवा.

स्पीकरचं तोंड ऐकणाऱ्यांच्या जागेकडे करा, पण सगळे एकाच बिंदूवर नेम धरून रोखू नका. खालच्या कड्याचा नेम मी समोरच्या, म्हणजे दूरच्या बाजूच्या डोक्यांवर धरतो. कडं कानाच्या थोडं वर उचललेलं असेल तर जवळचा माणूस स्पीकरच्या अक्षाच्या थोडा खाली राहतो, त्याला आवाज किंचित मऊ लागतो. लांबच्याला पूर्ण मिळतो. छिद्रांच्या पत्र्यामागे लावत असाल तर स्पीकरचं तोंड पत्र्याला जमेल तितकं काटकोनात ठेवा. तिरका आवाज भोकांतून कमी सुटतो, त्यात उंच स्वर आधी मरतात. पत्र्याच्या मागच्या अंगाला स्पीकरभोवती थोडी लोकर किंवा फेल्ट लावा, म्हणजे पत्रा आणि स्पीकर यांच्यात आवाज आपटत बसणार नाही.

क्रमांक आणि वायरी

वरून खाली पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने क्रमांक द्या. समोर डावीकडचा पहिला १, मग २, ३, ४ करत मागून फिरून समोर उजवीकडचा ८. वरचे ९ ते १२ तसेच, माथा १३, सब-वूफर १४. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी चिकटवा. एकाच टोकाला लावली तर ती न लावल्यासारखीच, कारण तुम्हाला हवं असतं ते टोक नेहमी दुसरं निघतं. केबल बॅलन्स्ड (बाहेरची भुणभुण रोखणारी) घ्या, आणि सगळ्या स्पीकरची वीज शक्य तेवढी एकाच ठिकाणाहून घ्या. बारीक भुणभुण बहुतेक वेळा दोन वेगळ्या अर्थिंगमधून शिरते.

घड्याळाच्या उलट का? बहुतेक अँबिसॉनिक्स साधनांत (ही चहूकडे आवाज फिरवायची एक पद्धत, पुढे येतेच) कोन मोजताना डावी बाजू धन आणि उजवी ऋण मानतात. काही कंपन्यांच्या तक्त्यांत नेमकं उलट असतं. एकदा माझ्या एका कामात पडद्यावर आगगाडी डावीकडून उजवीकडे जायची आणि आवाज उजवीकडून डावीकडे. आम्ही दुपारभर वायरी बदलत बसलो. वायरी सगळ्या बरोबर होत्या. कोनांच्या तक्त्यातलं चिन्ह उलटं होतं. गंमत म्हणजे समोरचा आणि मागचा आवाज अशा वेळी व्यवस्थित येतो, त्यामुळे लवकर संशयही येत नाही. म्हणून सगळ्यात आधी एकेका स्पीकरमधून त्याचा क्रमांक उच्चारणारा आवाज सोडा: "एक", "दोन", "तीन". मध्ये उभं राहून डोळे मिटून बोट दाखवा. दहा मिनिटांचं काम.

उशीर, जोर आणि सूर, याच क्रमाने

सगळ्यात दूरचा स्पीकर प्रमाण धरा. जवळच्यांना थांबवायचं आणि थोडं दाबायचं. आपल्या उदाहरणात खालच्या आठांना शून्य. वरचे चार ०.७७ मीटर जवळ आहेत, म्हणून त्यांना सुमारे २.२ मिलिसेकंद उशीर आणि दीड डेसिबल कमी. माथा १.०५ मीटर जवळ, त्याला सुमारे ३.१ मिलिसेकंद आणि दोन डेसिबल कमी. तीन मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण दोन ठिकाणांहून तोच आवाज आला तर आधी पोचलेल्याच्या दिशेवर आपला मेंदू विश्वास ठेवतो. हेल्मुट हास यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीला हे मोजून दाखवलं. माथ्याचा स्पीकर तीन मिलिसेकंद आधी बोलला तर अख्खं दृश्य वर ओढलं जातं.

आकड्यांवर समाधान मानू नका, मोजा. मध्यावर १.२ मीटर उंचीला चहूकडून सारखं ऐकणारा मायक्रोफोन ठेवा, रूम ईक्यू विझार्डसारखं मोफत साधन घ्या आणि प्रत्येक स्पीकरचं मोजमाप काढा. मग एकेकातून पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खळखळाट) सोडून मीटरवर जोर जुळवा. एक डेसिबलच्या आत आले की पुरे. मीटर नसेल तर फोनही चालेल, कारण आपल्याला खरा आकडा नको, आपापसातली तुलना हवी.

सुराच्या बाबतीत हात आखडता घ्या. आलेखात दिसणारा प्रत्येक खड्डा भरायला गेलात तर मध्यावर सुंदर आणि बाकी सगळीकडे भयंकर ऐकू येईल. रुंद उंचवटे तेवढे खाली आणा. पत्र्याने किंवा कापडाने खाल्लेले उंच स्वर थोडे परत द्या. घुमटाच्या केंद्रात जी टाळी गोळा होते तिला ईक्यूचा, म्हणजे पट्टीनुसार जोर कमी-जास्त करण्याचा, उपाय नाही. तिथे लोकरच लागते, किंवा ती खुर्ची रिकामी ठेवावी लागते.

सॉफ्टवेअर

दोन वाटा आहेत. एक व्हीबॅप, जी विले पुल्की यांनी १९९७ मध्ये मांडली: आवाज ज्या दिशेला हवा तिथल्या तीन शेजारी स्पीकरांनाच तो द्यायचा. आवाज नेमका बसतो आणि कडेच्या लोकांनाही बराच बरोबर कळतो. पण तो स्पीकरवर आला की टोकदार आणि दोन स्पीकरांमध्ये आला की पसरट वाटतो. दुसरी अँबिसॉनिक्स, मायकल गर्झन आणि इतरांनी १९७०च्या दशकात उभी केलेली: चहूकडचा सगळा आवाज एकच चित्र म्हणून एकत्र साठवायचा आणि तुमच्या मांडणीप्रमाणे डीकोडरने उलगडायचा. फिरणं गुळगुळीत होतं आणि तीच रचना दुसऱ्या घुमटात नेता येते. पाऊस, गर्दी, रान, वाऱ्याचा आवाज अँबिसॉनिक्समध्ये. निवेदन आणि ठळक वस्तू व्हीबॅपमध्ये किंवा सरळ एका स्पीकरात. मी दोन्ही मिसळतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आयईएमचे मोफत प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) रीपरसारख्या बहुचॅनल प्रोग्रॅममध्ये चालतात. त्यातल्या ऑलरॅडीकोडर या डीकोडरमध्ये तेरा स्पीकरांचे कोन भरा. घुमटाला खालचा अर्धा भाग नाही, त्यामुळे तो कुरकुर करेल. बरोबर खाली, उणे ९० अंशांवर, एक काल्पनिक स्पीकर जोडा म्हणजे गोल बंद होतो. त्याला वायर लागत नाही. अंतराची भरपाई हा डीकोडर करत नाही. त्यासाठी डिस्टन्स कॉम्पेन्सेटर हे वेगळं प्लगइन आहे, आणि ते वापरलंत तर वरचे डिले-डेसिबल दुसरीकडे पुन्हा देऊ नका. दोनदा दिले की माथा मागे पडतो. ऑर्डर, म्हणजे अँबिसॉनिक्सच्या चित्राची बारकाई, दुसरी ठेवा. खालचं आठांचं कडं तिसरीलाही पुरतं, कारण एका कड्याला ऑर्डरच्या दुपटीहून एक जास्त, म्हणजे सात स्पीकर लागतात. पण वरचे पाच तेवढं बारीक चित्र काढू शकत नाहीत.

कडेला जाऊन बसा

मध्यावर सगळं छान झालं की नवीन माणूस खूश होऊन चहाला जातो. तुम्ही कडेच्या खुर्चीत जा. मध्यापासून तीन मीटर बाजूला बसलात तर जवळचा स्पीकर १.८५ मीटरवर आणि समोरचा ७.८५ मीटरवर. सहा मीटरचा फरक, म्हणजे साडेसतरा मिलिसेकंद उशीर आणि साडेबारा डेसिबल कमी. इथे कुठलाही डिले कामाला येत नाही, कारण या खुर्चीचं भलं केलंत तर समोरच्या खुर्चीचं वाटोळं होतं.

यावर तीन गोष्टी चालतात. खुर्च्या स्पीकरपासून किमान दोन मीटर आत घ्या. खालचं कडं कानाच्या उंचीहून थोडं वर, १० ते १५ अंशांवर उचला. जवळच्या आणि दूरच्या खुर्चीतला फरक कमी होतो आणि पुढच्या माणसाचं डोकंही वाटेत येत नाही. उचललंत तर कोन आणि अंतर पुन्हा मोजायला लागेल, हे आलंच. आणि तिसरी, रचना करणाऱ्याला सांगायची गोष्ट: महत्त्वाचा एकही आवाज दोन स्पीकरांच्या मधल्या पोकळीवर टांगून ठेवू नका.

लोक भरल्यावर घुमट बदलतो. शंभर अंगं बरीच लोकर आहेत. रिकाम्या घुमटात जोर किंचित कमी वाटला तर त्याच वेळी वाढवायची घाई करू नका, पहिल्या प्रयोगाला लोक बसल्यावर ऐकून ठरवा.

उरला सब-वूफर

तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो हलवता येतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे जागा निवडायची मोकळीक आहे. फक्त मध्यावर ठेवू नका. तिथे सगळे आवाज परत येऊन गोळा होतात, आणि थोड्याच अंतरावर बासच गायब होतो. जागा शोधायची जुनी युक्ती घुमटातही लागू पडते. सब-वूफर उचलून एका चांगल्या खुर्चीच्या जागी ठेवा, त्यातून संथ चालीचा, खालच्या स्वरांवर वर-खाली फिरणारा बास वाजवा, आणि तुम्ही स्वतः घुमटाच्या कडेने गुडघ्यांवर रांगत एक चक्कर मारा. जिथे सगळे स्वर सारख्या जोराने ऐकू येतील, कुठला फुगणार नाही की बुडणार नाही, तिथे खडूची खूण करा आणि सब-वूफर तिथे आणून ठेवा. दुसऱ्या खुर्चीवर ठेवून पुन्हा एक चक्कर मारा. दोन खुणा जवळ आल्या तर नशीब चांगलं. लांब आल्या तर दोन सब-वूफर लागतील. रांगायचं काम मात्र दारं बंद करून, आयोजक यायच्या आधी उरका.